चंदनबाला पाणपोईत शिरलं कोण?

सांगलीचा बेत पक्का होता. सकाळच्या एसटीनं निघायचं, गणपतीचं देऊळ बघायचं, कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खायचं आणि अंधार पडायच्या आत हळदगावात परत यायचं. श्रद्धाची पिशवी भरून तयार होती. प्रांजलनं बूट घातले होते. अतिशयनं एकच बूट घातला होता, कारण तेवढ्यात त्यानं घरातला फोन बघितला.

"भानगड झालीय," तो म्हणाला. "लालासाहेबांनी स्टेटस ठेवलंय. हंबीररावांना वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"मग? चांगलंच आहे की," प्रांजल म्हणाली.

"तू साताऱ्याची. तुला न्हाई कळायचं."

प्रांजल आणि श्रद्धा साताऱ्यात एकाच शाळेत, आठवीत, एकाच बाकावर बसत. दिवाळीच्या सुट्टीत श्रद्धा आपल्या आजोबांकडे, सांगलीजवळच्या हळदगावला आली होती आणि येताना मैत्रिणीलाही घेऊन आली होती. अतिशय तिचा चुलतभाऊ. तो गावातच वाढलेला, सहावीत होता आणि त्याचा गावच्या राजकारणाचा अभ्यास शाळेच्या अभ्यासापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता.

त्यानं समजावून सांगितलं. लालासाहेब म्हणजे सरपंच. हंबीरराव म्हणजे भावी सरपंच. ते बरीच वर्षं भावीच होते आणि गावातल्या प्रत्येक फलकावर तसं लिहिलेलं होतं. एका गटाराच्या कामाचा नारळ कुणी फोडायचा यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. नारळ दोघांनीही फोडला होता. गटार अजून व्हायचं होतं.

"वाढदिवस आज आहे का?" श्रद्धानं विचारलं.

"परवा. पण हंबीररावांचा वाढदिवस आठवडाभर असतोय."

तेवढ्यात खालून, दुकानातून, मोठा आवाज आला. तिघं जिना उतरून धावले, अतिशय एका बुटावर.

भूपाल आजोबांचं दुकान पंपांचं आणि पाईपांचं. गल्ल्यावर आजोबा बसले होते, बाजूला अतिशयचे वडील सुकुमारकाका उभे होते आणि समोर लालासाहेब. विंचू धरावा तसा त्यांनी फोन अंगापासून लांब धरला होता.

"अण्णा," ते म्हणाले, "तुमच्या वायफायनं माझी युती केली."

आजोबांनी चष्मा लावला, फोन बघितला, चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे हे मी ठेवलेलं न्हाई. मी झोपलो होतो. उठलो तर घरासमोर माझीच माणसं उभी. म्हणत्यात, सरपंच, आमाला न सांगता मिटवलं व्हय? आणि मी एकटा न्हाई. बनुबाई, शालूबाई, डेअरीचा मॅनेजर, सगळ्यांच्या फोनवर हेच. आणि सगळे एकाच वायफायचं पाणी प्यालेले. तुमच्या."

इथे 'पाणी' हा शब्द लालासाहेबांनी चुकून वापरला नव्हता. हळदगावात वायफायकडे लोक पाण्यासारखंच बघत. त्याला कारण चंदनबाला आजी.

आजी असताना दुकानाशेजारच्या पत्र्याखाली तिची पाणपोई होती. दोन माठ आणि पाणी काढायचं पितळेचं ओगराळं. दुपदरी पांढऱ्या फडक्यातून गाळल्याशिवाय ती कुणाला पाणी देत नसे. समोर कलेक्टर तहानेनं व्याकुळ उभा असला तरी त्याला गाळून होईपर्यंत थांबावं लागलं असतं. आजी गेली. त्याच सुमाराला गावात बाटल्यांचं पाणी आलं आणि माठ कोरडे पडले. तेव्हा सुकुमारकाकांनी तोडगा काढला. हल्ली लोकांना तहान कशाची, तर इंटरनेटची. पत्र्याखाली राऊटर बसला आणि वर फलक लागला, आजीच्या फोटोसकट: 'कै. सौ. चंदनबाला भूपाल मगदूम यांच्या स्मरणार्थ मोफत वायफाय पाणपोई'. वायफायचं नावही 'चंदनबाला'. पासवर्ड नव्हता, कारण आजोबांचं म्हणणं होतं की पाणपोईला कुणी कुलूप लावतं का. लोक येत, माठाशेजारच्या बाकावर बसत आणि म्हणत, "अण्णा, आज दाब कमी हाय."

आजोबा मुलाकडे वळले. "सुकुमार, कसं झालं हे?"

सुकुमारकाकांना विज्ञानात पदवी होती, ती वनस्पतीशास्त्रात. "ढगाळ हवा असली की लहरी एकमेकींत मिसळतात," ते म्हणाले. "याच्या फोनचं त्याच्या फोनमध्ये जाऊ शकतं."

"आज ऊन आहे, काका," श्रद्धा म्हणाली.

"काल ढग होते."

लालासाहेबांना हवामानात रस नव्हता. "अण्णा, तुमच्याबद्दल मला काय बोलायचं न्हाई. पण लोक काय म्हणाय लागल्यात ऐका. चंदनबालानं फोन बाटवला म्हणत्यात. वहिनींचं नाव घेऊन म्हणत्यात. मला सांगताना लाज वाटते."

आजोबांनी पाईपचं भेंडोळं उगाचच नीट लावून ठेवलं.

"उद्या तिची पुण्यतिथी," ते म्हणाले. "चार माणसं येतील. त्यांच्यासमोर मीच फलक उतरवतो. तिच्या नावाला बोल लागत असेल तर ते नाव तिथं नको."

लालासाहेब गेले. आजोबांनी खणातून फलकाचे बोल्ट खोलायचा पाना काढून गल्ल्यावर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाऊण इंची पाईप कापून दिला. आजोबा फार दुःखी असले की पाईप अगदी सरळ कापत.

अतिशयनं दुसरा बूट घातला. "सांगली कॅन्सल," तो म्हणाला. त्यावर कुणीही वाद घातला नाही.

* * *

सुरुवात बनुबाईंपासून करायची ठरली. त्यांची चहाची टपरी एसटी स्टँडसमोर होती.

"मी कशाला त्या हंबीरला शुभेच्छा देतीय?" बनुबाई चहा गाळत म्हणाल्या. "माझ्या टपरीसमोर खड्डा खणला, त्यात फलक रोवला आणि गेला. गिऱ्हाईक अडखळून पडतंय त्यात."

"पण मावशी, तुम्ही वायफाय कुठं जोडलं होतं?" श्रद्धानं विचारलं. "दुकानाशी आला होतात?"

"दुकानाशी कशाला? इथंच बसून. इथं लय झ्याक येतं. पार दांड्या भरून."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"दुकानाचं वायफाय गिरणीपर्यंत येतं," अतिशय टपरीबाहेर येऊन म्हणाला. "पुढं आलं की माझी गेम बंद पडते. रोज पडते. स्टँड गिरणीच्या किती पुढं हाय."

"मग इथं कसं आलं?" प्रांजल म्हणाली.

"ढगातनं," श्रद्धा म्हणाली. काकांवरचा तिचा राग अजून गेला नव्हता.

तपासायला एकच सोपा मार्ग होता. राऊटर बंद करायचा आणि मग काय होतं ते बघायचं. तिघं परत दुकानाशी गेले. आजोबांना विचारलं. "काढा," आजोबा म्हणाले. "उद्या काढायचंच आहे." श्रद्धानं पत्र्याखाली जाऊन राऊटरची वायर ओढली. त्याचे हिरवे दिवे गेले. तिघं पुन्हा स्टँडवर आले आणि अतिशयनं त्याचा जुना, सिमकार्ड नसलेला गेमचा फोन काढला. बॅटरी वाचावी म्हणून त्याचं आपोआप जोडणं त्यानं बंद ठेवलेलं असायचं.

चंदनबाला. दांड्या पूर्ण भरलेल्या.

अतिशयनं फोन बंद करून पुन्हा चालू केला. नाव तिथंच.

"आजी आली," तो हळूच म्हणाला.

"गप रे," श्रद्धा म्हणाली.

"मग तूच सांग. वायर काढली. दिवे गेले. तरी नाव दिसतंय. आजीला आवडत नव्हतं पाणपोई बंद ठेवलेली, तुला म्हाइताय."

खरं सांगायचं तर श्रद्धाच्याही अंगावर काटा आला होता. प्रांजल मात्र भुवया जवळ आणून विचार करत होती. तिचे आजोबा, बिराप्पा, म्हसवडजवळच्या वाडीत मेंढरं राखायचे आणि सुट्टीत ती त्यांच्याबरोबर रानात हिंडलेली होती.

"आमच्या मेंढरांच्या पाठीवर हिरवा पट्टा असतो," ती म्हणाली. "एकदा मी बाजारातून आमचं म्हणून एक कोकरू घरी आणलं. हिरवा पट्टा बघून. ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. त्यानंही हिरवाच रंग आणलेला."

"इथं मेंढराचा काय संबंध?"

"आजोबा तेव्हा म्हणाले, पट्टा बघून आपलं म्हणू नये, पट्टा कुणीही ओढतं. वायफायचं नाव म्हणजे तो पट्टा आहे. राऊटर म्हणजे काय, छोटं रेडिओ केंद्र. मी चंदनबाला, मी चंदनबाला, असं सारखं ओरडत बसतं. ते नाव काय ठेवायचं हे ज्याचा राऊटर आहे तो ठरवतो. उद्या तू एक राऊटर आणून त्याला लालासाहेब नाव दिलंस तर कोण अडवणार?"

श्रद्धाला आता आठवलं. शाळेत संगणकाच्या बाईंनी हे सांगितलं होतं, आणि तेव्हा ती मागच्या पानावर मांजर काढत होती. "आणि फोन एकदा जोडला की तेवढं नाव लक्षात ठेवतो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तेच नाव ऐकू आलं की विचारत नाही, जाऊन चिकटतो. आपल्याला पासवर्डही नाही, म्हणजे ओळखायची दुसरी खूणच नाही. दोन असले तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो, आणि यादीत नाव एकच दिसतं."

"म्हणजे फोनला अक्कल न्हाई," अतिशय म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं. भुतापेक्षा बिनडोक फोन बरा.

"जोडून बघ," श्रद्धा म्हणाली. "तुझ्या फोनवर काही नाहीच, जाणार काय?"

"माझी गेम हाय."

"जोड."

त्यानं जोडलं. लगेच एक पान उघडलं. वर आजीचा फोटो. पाणपोईच्या फलकावरूनच काढलेला. कडेला फलकाच्या बोल्टचं डोकंसुद्धा दिसत होतं. खाली लिहिलं होतं: 'स्वागत आहे. आपला मोबाइल नंबर टाका. नंतर दिसणारा कोड आपल्या व्हॉट्सअॅपमध्ये टाका. वायफाय सुरू होईल.'

श्रद्धाचा चेहरा लाल झाला. "आजोबांच्या वायफायला असं पान कधीच येत नाही. आणि हा कोड वायफायचा नाहीच. दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या व्हॉट्सअॅपला जोडायला असतो तो. तो टाकला की त्या कॉम्प्युटरवर आपले सगळे मेसेज दिसतात. तिथून आपल्या नावानं काहीही टाकता येतं."

"स्टेटस पण?" प्रांजलनं विचारलं.

"स्टेटस पण."

बनुबाई किटली हातात धरून मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं. "हेच. हेच आलं होतं मला. आता चंदनबालावैनी समोर बसून कोड टाक म्हणतीया, तर मी शंका कशापायी घेऊ? त्या बाईनं कवा कुणाला गढूळ पाणी पाजलं न्हाई."

श्रद्धानं पुन्हा आजीच्या फोटोकडे बघितलं. लोक फसले होते ते आजीवर विश्वास होता म्हणून, आणि उद्या उतरणार होता तो आजीचाच फोटो.

"कुठून येतंय ते शोधू," ती म्हणाली. "जवळ गेलं की दांड्या वाढतील, लांब गेलं की..."

"गेल्या," अतिशय म्हणाला.

"काय?"

"दांड्या. सगळ्याच गेल्या. नाव पण गेलं."

तो जागेवरून हललासुद्धा नव्हता.

* * *

उरलेला दिवस फार गोंधळात गेला.

नाव बाजारात सापडलं. कांद्याच्या ढिगाऱ्याशी दांड्या भरल्या, म्हणून त्यांनी कांदेवाल्यावर पाळत ठेवली. कांदेवाल्याला वाटलं पोरं कांदे चोरायला आलीत, म्हणून त्यानं त्यांच्यावर पाळत ठेवली. तेवढ्यात नाव गेलं. मग ते मारुतीच्या देवळाशी आलं आणि पुजाऱ्याच्या पिशवीत काहीतरी डबा दिसला. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मग शाळेच्या मैदानाशी आलं, तिथं तर माणूसच नव्हतं, एक म्हैस होती.

"म्हशीवर संशय घ्यायचा का?" प्रांजलनं विचारलं.

"घ्यावा लागंल," अतिशय म्हणाला. "आता राहिलंय कोण?"

पाय दुखून आल्यावर तिघं मैदानाच्या कट्ट्यावर बसले. समोरून हंबीररावांची प्रचाराची रिक्षा चालली होती. तिन्ही बाजूंना त्यांचे फोटो, टपावर कर्णे आणि कर्ण्यातून 'भावी सरपंच' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येणारं गाणं. ही रिक्षा दिवसभर गावात फिरायची. सुरुवातीला लोक कानांवर हात ठेवत, मग त्यांनी कान बंद करायला शिकून घेतलं. आवाज इतका मोठा होता की आता ती कुणाला दिसतच नव्हती.

श्रद्धा काहीतरी म्हणाली.

"काय?" प्रांजल ओरडली.

"मी म्हणाले, ऐकू येत नाही!"

"काय?"

रिक्षा पुढे गेली. अतिशय फोनकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. "भरल्या होत्या," तो म्हणाला. "आता उतराय लागल्यात."

तिघांनी रिक्षाच्या मागे धूम ठोकली. दांड्या वाढल्या. रिक्षा वळली, दांड्या कमी झाल्या. रिक्षा थांबली, आणि दांड्या पूर्ण भरल्या. स्टँड, बाजार, देऊळ, मैदान: रिक्षा प्रत्येक ठिकाणी होती, आणि तिघांनी ती प्रत्येक ठिकाणी ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

टपावर, कर्ण्यांच्या मध्ये, दोन अँटेना कानांसारख्या उभारलेला पांढरा डबा बांधला होता. आत मांडीवर लॅपटॉप घेऊन सूरज बसला होता. हा हंबीररावांचा पुतण्या. त्याच्या पाठीवर 'मीडिया प्रमुख' असं छापलेला टी-शर्ट होता. माध्यम एकच होतं, रिक्षा.

घर जैनांचं, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायची. पानावर बसल्या बसल्या श्रद्धानं सगळं सांगितलं. सुकुमारकाकांनी ताक पिऊन झाल्यावर मत दिलं.

"हंबीरराव मोठा माणूस आहे. असं करणार नाही. आणि केलं असलं तरी पुरावा काय? तुमच्या दांड्या?"

"पण काका, राऊटर बंद असताना..."

"त्याच्यात थोडी वीज साठून राहते," काका म्हणाले.

आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "पोरांनो, उद्या कुणाशी भांडण नको. तिच्या दिवशी नको."

रात्री अंथरुणावर तिघांची बैठक बसली. भांडायचं नव्हतं. आरोप करायचा नव्हता. मोठ्यांना पटेल असं काही हातात नव्हतं.

"हंबीरराव उद्या येणार का?" प्रांजलनं विचारलं.

"गावात कुणाची पुण्यतिथी त्यांच्याशिवाय झालीय व्हय?" अतिशय म्हणाला. "रिक्षा घेऊन येणार, फोटोवाला घेऊन येणार. फोटो म्हटलं की तो माणूस विहिरीत पण उतरंल."

प्रांजल उठून बसली. "मग त्यांचा एक फोटो काढू या."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याखाली माणसं जमली. लालासाहेब आले होते, बनुबाई आल्या होत्या, शालूबाई, डेअरीचे मॅनेजर आणि बाकीचे शुभेच्छुक. आजीच्या फोटोला हार घातला. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात पाना होता.

हंबीरराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले. रिक्षा रस्त्याच्या कडेला थांबली. पुण्यतिथीचा मान राखून गाणं बंद केलं होतं. कित्येक दिवसांनी गावात कावळा ऐकू येत होता. हंबीररावांनी हात जोडले आणि मग लालासाहेबांकडे बघून असं काही हसले की लालासाहेब बनुबाईंच्या मागे सरकले.

"लालासाहेब, तुमचं स्टेटस बघितलं," हंबीरराव गहिवरून म्हणाले. "मन मोठं लागतंय त्याला."

लालासाहेब आजोबांच्या पान्याकडे बघत राहिले. त्यांना तो फलकापेक्षा दुसऱ्याच कामासाठी हवा असावा.

"हंबीरकाका," अतिशय पुढे झाला. त्याचा भांग पाडलेला होता, यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळत होतं. "आज हे वायफाय बंद व्हायचंय. शेवटचं जोडायचा मान तुमचा. फोटो काढू."

फोटोवाला आपण होऊन पुढे आला. हंबीररावांनी फोन काढला आणि समाधानानं मान हलवली. "आपोआपच जोडलं गेलं की. पान आलंय. चंदनबालावैनींचा फोटो हाय." त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "आपला मोबाइल नंबर टाका."

"पान?" आजोबा म्हणाले. "कसलं पान?"

"टाका, काका," प्रांजल म्हणाली. "इकडं बघून टाका. फोटो चांगला येईल."

हंबीरराव एक एक आकडा तोंडानं म्हणत, एका बोटानं नंबर टाकू लागले. शेवटचा आकडा पडला. "आता कोड आलाय. हा व्हॉट्सअॅपमध्ये टाका म्हणतंय. टाकतो."

रिक्षात काहीतरी आदळलं. सूरज लॅपटॉपसकट बाहेर पडला, फलकाच्या दोरीत अडकला, सुटला आणि हात वर करून धावत आला.

"साहेब, टाकू नका! ते आपलंच हाय!"

कावळाही गप्प झाला.

"आपलंच म्हंजे?" हंबीररावांनी विचारलं. त्यांना खरोखरच काही कळलेलं नव्हतं.

सूरजला आपण काय बोललो ते कळलं, पण ते परत घेण्याची सोय नव्हती. "म्हंजे... तुमी कोड टाकला की तुमच्याच फोनवरनं तुमालाच शुभेच्छा जात्यात. आपोआप."

श्रद्धानं पिशवीत हात घातला आणि आजीच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला राऊटर बाहेर काढला. वायर खाली लोंबत होती. "आजोबांचं वायफाय हे," ती म्हणाली. "काल सकाळपासून बंद आहे. हंबीरकाकांचा फोन ज्याला जोडलाय ते त्यांच्या रिक्षावर आहे. तुम्ही सगळे तेच प्यायलात. आजीचं नाही."

सगळे माना वळवून रिक्षाच्या टपाकडे बघू लागले. कर्ण्यांच्या मधला डबा तिथंच होता, सगळ्यांना दिसेल असा.

"पप्पा, ती वीज साठून राहते ती किती दिवस राहते?" अतिशयनं वडिलांना नम्रपणे विचारलं. सुकुमारकाका माठ तपासू लागले.

"सूरज," हंबीरराव खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला काय सांगितलं होतं?"

"गावानं मनापासनं शुभेच्छा दिल्या पाहिजेत, त्याची व्यवस्था कर."

"मग?"

"केली."

हंबीरराव बाकावर बसले. "म्हंजे लालासाहेबांनी मनापासनं न्हाई दिल्या?"

"न्हाई," लालासाहेब बनुबाईंच्या मागून म्हणाले.

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. त्याला काढायला सांगितलं होतं.

पुढचं सगळं उलगडायला वेळ लागला नाही. जमलेल्यांत गावचे पोलीस पाटीलही होते; त्यांनी लॅपटॉप आणि टपावरचा डबा ताब्यात घेतला आणि सूरजला बरोबर घेऊन सांगलीला सायबर पोलिसांकडे जायची तयारी केली. श्रद्धानं एकेकाचा फोन घेऊन 'जोडलेली उपकरणं' कुठं दिसतात ते दाखवलं. प्रत्येकाच्या यादीत एक अनोळखी कॉम्प्युटर बसला होता. तो प्रत्येकानं आपल्या हातानं काढून टाकला. लालासाहेबांनी युती मोडली आणि मोकळा श्वास घेतला.

बनुबाई आजीच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वैनी, चुकलं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि पदरानं फोटोची काच पुसली.

आजोबांनी पाना खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला.

"आजोबा, पण आता पासवर्ड लावायला हवा," श्रद्धा म्हणाली.

"पाणपोईला कुलूप लावू?" आजोबांचा चेहरा पुन्हा पडला. "तुझ्या आजीनं कधी लावलं होतं?"

"कुलूप नाही आजोबा. गाळणं." तिनं हातातलं फडकं पुढे केलं. "आजी पाणी फुकट द्यायची, पण गाळल्याशिवाय द्यायची का? पासवर्ड असला की फोन आणि राऊटर यांचं बोलणं उघड्यावर राहत नाही, रस्त्यावरच्या कुणालाही ऐकता येत नाही. आणि बिनपासवर्डचं खोटं चंदनबाला आलं तर फोन आपोआप त्याच्याकडे जात नाही."

"पासवर्ड सगळ्यांना दिल्यावर तो चोरालाही मिळणारच की," लालासाहेब म्हणाले. सरपंच असूनही प्रश्न बरोबर होता.

"मिळेल," प्रांजल म्हणाली. "म्हणून फलकावर अजून एक ओळ लिहायची. इथं पान उघडत नाही. इथं नंबर आणि कोड मागत नाहीत. मागितला तर ती पाणपोई आमची नाही. पट्टा कुणीही ओढतं, पण आपली मेंढी आपल्याला ओटीपी मागत नाही."

हे वाक्य सगळ्यांना कळलं असं नाही, पण पटलं सगळ्यांना.

आजोबांनी फडकं हातात घेतलं. त्याची दुपदरी घडी अजून मोडली नव्हती. "गाळून द्यायचं," ते म्हणाले. "हे तुझ्या आजीला सुचलं असतं. मला सुचलं नाही." मग त्यांनी तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला, आणि भूपाल आजोबा लोकांसमोर असं काही करत नसत.

लालासाहेबांनी ग्रामपंचायतीतून शाल आणि नारळ मागवून तिघांचा सत्कार केला. शाल एकच निघाली, ती तिघांनी मिळून पांघरली. भाषणात ते म्हणाले की हळदगावच्या मुलांनी जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केलं. प्रांजल हळदगावची नव्हती, पण त्या दिवशी कुणी ते मनावर घेतलं नाही. सुकुमारकाकांनी राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलला. तो आजवर 'admin' होता, आणि राऊटरच्या पाठीवर छापलेलाही होता.

नव्या फलकाखालचा नियम आजोबांनी स्वतः ठरवला. पासवर्ड फलकावर लिहायचा नाही, दुकानात येऊन विचारायचा. आणि तो मिळेल, पण आधी समोर उभं राहून पेलाभर गाळलेलं पाणी प्यावं लागेल. तहान नसली तरी.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांचा वाढदिवस होता. रिक्षा फिरली नाही. गावातून एकच शुभेच्छा आली, ती बनुबाईंची, त्यांनी स्वतः टाइप केलेली: 'हंबीर, वाडदिवसाच्या सुभेच्छा. माझ्या टपरीसमोरचा खड्डा बुजव.' संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला होता.

आणि पत्र्याखाली रांग लागली होती. पासवर्ड पाहिजे म्हणून लोक पाणी पीत होते, एक पेला, आणि गार लागलं म्हणून दुसरा. आजोबा दुपदरी फडकं माठावर धरून उभे होते आणि घाई करणाऱ्याला थांबवत होते. सांगलीची एसटी निघून गेली ते तिघांच्या लक्षातही आलं नाही; श्रद्धा ओगराळं भरत होती, प्रांजल पेले विसळत होती आणि अतिशय आडातून पाणी ओढत होता, कारण दोन्ही माठ दुपारच्या आतच रिकामे झाले होते.